मोरीजवळची ब्राह्मी

तुमच्या घरामागची मोरी एकदा नीट पाहा. भांडी घासतात, आंघोळ करतात, ते पाणी जिथून वाहत जाते ती जागा. तिथे अळू असेल. गवती चहाचा ठोंब असेल. एखाद्या घरी कर्दळ असेल. आणि काही घरी तिथे जमिनीशी सरपटणारी एक बारीक हिरवी वेल असते. कोणी ती मुद्दाम लावलेली असते, कोणाला ती शेजारणीने दिलेली असते. विचारले की उत्तर मिळते, "ती होय? ती ब्राह्मी. डोक्याले थंड."

मुक्ताईनगर तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादेत, थंड या शब्दाला मोल आहे. वैशाखात इथे पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याचे घर मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. केळीला पाणी द्यायचे तर वीज पुष्कळदा रात्रीची येते. मग घरधनी बॅटरी घेऊन पंपावर जातो, आणि घरची बाई तो परत येईपर्यंत जागी राहते. त्यात केळीचा भाव, मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज. अंग अंथरुणावर पडते, पण मन काही पडत नाही. सकाळी शेजारीण विचारते, "काय झालं वो माय?" उत्तर येते, "रातभर डोयाले डोया लागला नही."

मग कोणी म्हातारी सांगते, "ब्राह्मीचं तेल घाल डोक्यात. दोन पानं चावून खाय."

हा सल्ला चांगला आहे का? बराचसा चांगला आहे. पण त्यात मेख आहे. ब्राह्मी कोणती? ती कुठल्या पाण्यावर वाढली? आणि ती घ्यायची कशासाठी? हे तीन प्रश्न विचारल्यावाचून पान तोंडात घालू नये.

एक नाव, दोन झाडे

ब्राह्मी या एकाच नावाने आपल्याकडे दोन वेगळी झाडे ओळखली जातात. दोन्ही सरपटतात. दोन्हींना ओल लागते. दोन्ही डोक्याला थंड म्हणून वापरतात. त्यामुळे भल्याभल्यांचा घोटाळा होतो.

पहिलीचे पान बारीक असते, करंगळीच्या नखाएवढे. ते जाड व रसाळ असते, घोळीच्या भाजीच्या पानासारखे. पानाला देठ जवळजवळ नसतोच. पाने जोडीजोडीने समोरासमोर येतात. फूल लहान, पाच पाकळ्यांचे, पांढरे किंवा किंचित जांभळट. पान चावले तर कडू लागते. इतके कडू की तोंड वाकडे होते. हिला नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी म्हणतात. नीर म्हणजे पाणी. पाटाच्या कडेला, डबक्याच्या काठी, नदीच्या ओलसर मातीत ही आपोआप पसरते.

दुसरीचे पान गोल असते. रुपयाएवढे, कधी त्याहून थोडे मोठे. कड बारीक दातेरी असते आणि एका बाजूला खाच असते, म्हणजे आकार साधारण घोड्याच्या टापेसारखा. देठ लांब. जमिनीवरून दोऱ्यासारखी वेल धावते, आणि जिथे सांधा तिथे मुळ्या व पाने फुटतात. फूल इतके बारीक आणि जमिनीला इतके लागून असते, की शोधल्याशिवाय दिसत नाही. हिचे संस्कृत नाव मंडूकपर्णी. मंडूक म्हणजे बेडूक, पर्ण म्हणजे पान. मराठीत हिला कारिवणा असेही नाव आहे. चव थोडी कडसर, तुरट. पहिलीसारखी जहरी कडू नव्हे.

मग खरी ब्राह्मी कोणती? या प्रश्नावर वैद्यांनीही पुष्कळ वाद घातला आहे. केरळात ब्राह्मी म्हणजे बारीक पानाची, कडू. उत्तर हिंदुस्थानात बऱ्याच ठिकाणी गोल पानाचीच ब्राह्मी म्हणून विकतात. आपल्याकडे दोन्ही चालतात. तुम्हांआम्हांला त्या वादात पडण्याचे कारण नाही. आपल्याकडे आहे ती कडू की गोल, एवढे माहीत असले म्हणजे झाले. कारण दोघींचे गुण थोडे वेगळे आहेत आणि दोघींपासून होणारा त्रासही वेगळा आहे.

आणखी एक सावधगिरी. आपल्या काळ्या जमिनीत, बांधावर, उंदीरकानी नावाचे एक झाड पसरते. त्याचीही पाने गोलसर आणि खाच असलेली असतात. नवख्या माणसाला ती ब्राह्मीच वाटते. पण उंदीरकानीला पिवळी फुले येतात. पिवळे फूल दिसले की समजावे, ही आपली नव्हे.

जुने ग्रंथ काय सांगतात, नवे प्रयोग काय सांगतात

चरकसंहिता हा आपल्या आयुर्वेदाचा फार जुना ग्रंथ. त्यात बुद्धी आणि आठवण वाढवणारी चार औषधे एकत्र सांगितली आहेत. मंडूकपर्णीचा रस, दुधातून ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि वाटलेली शंखपुष्पी. म्हणजे गोल पानाच्या ब्राह्मीला तिथे मानाचे पान आहे. त्याच ग्रंथात ब्राह्मीचा रस, वेखंड वगैरे घालून केलेले तूप वेड आणि फेफरे यांवर सांगितले आहे. ही फेफऱ्याची गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

पुढे आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी या वेलीची तपासणी केली. लखनौला केंद्रीय औषध संशोधन संस्था आहे. ती १९५१ साली सुरू झाली. तेथील शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात कडू ब्राह्मीमधून काही द्रव्ये वेगळी काढली. त्यांना बॅकोसाइड असे नाव आहे. त्यानंतर देशोदेशी माणसांवर प्रयोग झाले. काही माणसांना ब्राह्मीचा अर्क द्यायचा, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी द्यायची, आणि कोणाला काय दिले हे त्यांना सांगायचे नाही. असे केले म्हणजे नुसत्या विश्वासाचा गुण किती आणि औषधाचा किती, ते कळते. त्यांतून असे दिसले की आठवणीला थोडा फायदा होतो. पण तो आठ-पंधरा दिवसांत नाही. सुमारे १२ आठवडे रोज घेतल्यावर. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलाला ब्राह्मीचा रस पाजणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात घ्यावे.

गोल पानाच्या ब्राह्मीवरचा एक प्रयोग मोठा गमतीचा आहे. तो कॅनडातल्या संशोधकांनी केला आणि सन २००० मध्ये प्रसिद्ध झाला. ४० निरोगी माणसे घेतली. त्यांतल्या काहींना या ब्राह्मीची १२ ग्रॅम पूड दिली, काहींना दिली नाही. मग त्यांना एकदम मोठा आवाज ऐकवला. असा आवाज झाला की माणूस दचकतो, डोळे मिटतो. ज्यांनी ब्राह्मी घेतली होती ते अर्ध्या-एक तासाने कमी दचकले. मन सारखे धास्तावलेले असते तेव्हा माणूस दाराच्या कडीच्या आवाजानेही दचकतो, हे आपण पाहतोच. म्हणजे "डोक्याला थंड" असे म्हणणाऱ्या म्हातारीच्या बोलण्यात काही तथ्य आहे. पण एका प्रयोगावरून फार मोठे अनुमान काढू नये. आणि प्रयोगात १२ ग्रॅम दिली म्हणून आपणही घरी तेवढी खावी, असेही नव्हे.

तेल कसे करावे

तेल डोक्याला लावायचे असते, पोटात जायचे नसते. म्हणून धोका सर्वांत कमी. पहिल्यांदा तेलच करून पाहावे. दोन्हींपैकी कोणतीही ब्राह्मी चालते.

ब्राह्मी मुळांसकट उपटू नये. वरवर कापावी. दोन-तीन पाण्यांतून धुवावी, कारण वेल जमिनीवर लोळते आणि पानांत माती असते. मग पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटून फडक्यातून रस पिळून घ्यावा. पाव लिटर तीळतेल किंवा खोबरेल घेतले तर वैद्यांच्या मापाने रस एक लिटर हवा. एवढी ब्राह्मी घरी कोणाकडे असते? दोन ओंजळी पाला असेल तर तेवढ्यावर तेल थोडेच करावे. एक वाटी तेलाला निदान दोन वाट्या रस असला म्हणजे घरच्यापुरते काम भागते.

कढई मोठी घ्यावी. तेल व रस मिळून कढई अर्धीच भरली पाहिजे. कारण पाणी आणि तेल एकत्र तापले की फेस वर येतो, आणि उतू गेलेले तेल चुलीत पडले तर भडका होतो. आच मंद ठेवावी. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. रसातले पाणी हळूहळू आटते. तोपर्यंत तड तड आवाज येत राहतो. आवाज थांबला, फेस बसला, की तेल झाले असे समजावे. खात्री करायची असेल तर कापसाची वात त्या तेलात बुडवून कढईपासून दूर नेऊन पेटवावी. वात तडतडली तर पाणी अजून आहे. शांतपणे जळली तर तेल तयार. पाणी राहिले तर तेलाला लवकर वास येतो. निवल्यावर गाळून कोरड्या काचेच्या बाटलीत भरावे.

रात्री निजण्याआधी चमचाभर तेल टाळूवर आणि कानशिलांवर चोळावे. तळपायांनाही चोळावे. आता मनातली एक गोष्ट सांगतो. या तेलाने झोप येते ती ब्राह्मीमुळे किती आणि चोळणाऱ्या हातामुळे किती, हे सांगणे कठीण आहे. सुनेने सासूच्या डोक्याला तेल लावले, दोघी दहा मिनिटे काही न बोलता बसल्या, त्याचाही गुण असतोच. तो बाटलीत भरता येत नाही एवढेच.

बाजारातही ब्राह्मीचे तेल मिळते. आता तुम्हांला वाचता येते. तेव्हा बाटलीवरचे चित्र पाहून तेल घेऊ नका. मागची बारीक अक्षरे वाचा. काही बाटल्यांत मिनरल ऑइल किंवा लिक्विड पॅराफिन हे मुख्य असते. ते खनिज तेल, म्हणजे जमिनीतून काढलेल्या तेलापासून केलेले. ब्राह्मी त्यात नावापुरती असते. केसांना चोपडायला ते चालेल. पण ब्राह्मीचे म्हणून जास्त पैसे कशाला मोजायचे? बाटलीवर इंग्रजी अक्षरे असली तर मुलांकडून वाचून घ्यावी. बाकोपा असे लिहिले असेल तर ती कडू ब्राह्मी. सेंटेला असे लिहिले असेल तर गोल पानाची.

खाण्याची ब्राह्मी आणि मोरीचे पाणी

गोल पानाची ब्राह्मी पुष्कळ ठिकाणी भाजीसारखी खातात. कर्नाटकाच्या किनाऱ्याकडे तिला ओंदेलग म्हणतात. ती खोबऱ्याबरोबर वाटून ताकात कालवतात आणि भातावर घेतात. तमिळ लोक तिला वल्लारै म्हणतात आणि मुलांना तिची चटणी देतात. सिलोनात, म्हणजे आताच्या श्रीलंकेत, तिची कोशिंबीर करतात. बंगालात कडू ब्राह्मीची पाने तुपात परतून भाताच्या पहिल्या घासाबरोबर खातात.

आपल्याकडे हीच पाने चटणीत घालता येतात. भाजलेले शेंगदाणे, लसूण, हिरवी मिरची, मीठ, आणि माणशी पाच-सहा गोल पाने. खलबत्त्यात कुटावे, वर थोडे दही घालावे. कळण्याच्या भाकरीबरोबर चांगली लागते. कडू ब्राह्मी असेल तर दोन-चार कोवळे शेंडे पुरेत. त्याहून जास्त घातली तर मळमळ होते, पोटात कळा येतात, जुलाब होतात. "चांगली आहे तर जास्त खाऊ" हा हिशेब औषधाला लागू नाही.

पण आता ती मोरी आठवा. तिच्यात साबण जातो. खरकटे जाते. लहान मुलांची दुपटी तिथेच धुतात. काही घरांचे संडासाचे पाणीही जवळून वाहते. तिथे वाढलेल्या पानावर जंतांची अंडी असतात, जुलाबाचे आणि कावीळीचे जंतू असतात. ते पान कच्चे चटणीत गेले तर झोप येण्याऐवजी दवाखान्यात जावे लागेल. मोरीजवळची ब्राह्मी तेलाला चालेल, तीही स्वच्छ धुऊन. पोटात घेऊ नये.

पाटाच्या आणि केळीच्या बागेच्या कडेची ब्राह्मी दिसायला स्वच्छ असते. पण तिच्यात दुसरा धोका आहे. बागेत औषध फवारतात. तण मारायचे औषधही टाकतात. ते पावसाने वाहून सखल जागी जाते, आणि ब्राह्मीही सखल जागीच वाढते. शिवाय नीरब्राह्मीची एक खोड आहे. पाण्यात शिसे किंवा तसला विषारी धातू असेल तर ती तो शोषून आपल्या अंगात साठवते. प्रयोगांत हे दिसले आहे. घाण पाणी स्वच्छ करण्यासाठी ही वनस्पती वापरता येईल का, असाही विचार शास्त्रज्ञांनी केला आहे. ज्या गुणामुळे ती पाणी साफ करते, त्याच गुणामुळे ती खायला धोक्याची होते. म्हणून गटाराच्या, कारखान्याच्या किंवा फवारणीच्या पाण्यावरची ब्राह्मी कितीही तजेलदार दिसली तरी तोडू नये.

काही माणसांनी ब्राह्मी पोटात घेऊच नये. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, लहान मूल, कावीळ किंवा यकृताचा आजार झालेला माणूस. गोल पानाच्या ब्राह्मीने काहींच्या यकृताला सूज आल्याची उदाहरणे आहेत. ती थोडी आहेत, पण आहेत. म्हणून तीही सारखी महिनोन्‌महिने औषधासारखी खाऊ नये. सहा आठवड्यांनंतर थांबावे. ज्यांना थायरॉइडच्या, झोपेच्या किंवा फेफऱ्याच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

फेफऱ्याच्या गोळ्या बंद करू नका

आता मघाची गोष्ट. ग्रंथात फेफऱ्यावर ब्राह्मी सांगितली आहे. ही गोष्ट खेड्यांत सर्वांना ऐकून माहीत असते. आणि तिथेच घात होतो.

असे पुष्कळदा घडते. घरातल्या तरुण मुलाला फेफरे येते. डॉक्टर गोळ्या देतात. गोळ्या रोज, न चुकता, काही वर्षे घ्यायच्या असतात. सहा महिने फेफरे येत नाही. घरच्यांना वाटते, झाला बरा. शिवाय मुलीकडचे पाहुणे येणार असतात, त्यांना गोळ्या दिसायला नकोत. मग कोणी सांगतो, "या गोळ्या गरम असतात. त्यापेक्षा ब्राह्मी दे. झाडपाला आहे, अपाय काय होणार?" गोळ्या एकदम बंद होतात. ब्राह्मीचा रस सुरू होतो. आणि पंधरा दिवसांत मुलाला विहिरीच्या काठावर झटका येतो.

अपाय ब्राह्मीने केला नाही. गोळी बंद केल्याने झाला. फेफऱ्याची गोळी एकदम सोडली तर झटके पूर्वीपेक्षा जोराने येतात. कधी एकामागून एक येत राहतात आणि माणूस दगावतो. फेफरे हा मेंदूचा आजार आहे. बाहेरची बाधा नाही. नीट गोळ्या घेतल्या तर बहुतेकांचे झटके थांबतात. दोन-तीन वर्षे एकही झटका आला नाही, तर डॉक्टर स्वतःच गोळी कमी करण्याचा विचार करतात. तीही हळूहळू, थोडी थोडी.

यात्रेत आणि बाजारात पुड्या विकणारे बसतात. "फेफऱ्यावर रामबाण, शुद्ध जडीबुटी" असे ते ओरडतात. पुडीवर काही लिहिलेले नसते. अशा पुड्यांत झोपेच्या गोळ्यांची भुकटी मिसळलेली असल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. म्हणून तर पहिले चार दिवस गुण आल्यासारखे वाटते. ज्या पुडीवर नाव नाही, माप नाही, करणाऱ्याचा पत्ता नाही, ती घेऊ नये.

कोणाला तुमच्यासमोर झटका आला तर काय कराल? त्याला कुशीवर वळवा. डोक्याखाली फडके ठेवा. गळ्याजवळचे बटण सैल करा. जवळ विस्तव, विळा, दगड असेल तो दूर सारा. कांदा हुंगवू नका, चप्पल हुंगवू नका. दातांत चमचा घालू नका. शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नका. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला, किंवा लागोपाठ दुसरा आला, तर १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा. आणि ब्राह्मी? ती तेलाच्या बाटलीत राहू द्या.

मनाचे ओझे

झोप न येण्याची कारणे नाना तऱ्हेची असतात. कोणी संध्याकाळी सातनंतर तीन कप चहा पितो. कोणाचे गुडघे दुखतात. कोणी रात्री बारापर्यंत मोबाइल पाहतो. यांना ब्राह्मीचा उपयोग कसा होणार? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली ती गत. चहा दुपारी बंद करावा. जेवण लवकर करावे. दिवसा झोपणे टाळावे. रात्री पाणी द्यायला जावे लागते त्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी थोडे निजावे, त्यात कमीपणा मानू नये.

पण चिंतेने जाणारी झोप वेगळी. ही मुक्ताईची भूमी आहे. शेजारी कोथळीला तिचे देऊळ आहे. पलीकडे तापी आणि पूर्णा यांचा संगम आहे, चांगदेवाचे देऊळ आहे. तापीकाठच्या मेहुणला कडाडणाऱ्या विजेत मुक्ताई गुप्त झाली असे सांगतात. तिच्या ताटीच्या अभंगांची कथा कीर्तनात तुम्ही ऐकली असेल. लोकांच्या बोलण्याने ज्ञानदेव दुखावले. झोपडीत गेले आणि ताटी, म्हणजे दाराचे कवाड, आतून लावून बसले. जेवेनात, बोलेनात. तेव्हा धाकटी बहीण मुक्ताई दाराशी उभी राहिली आणि समजावीत राहिली. अखेर ताटी उघडली. तिने भावाला कुठला पाला वाटून दिला नव्हता.

घरातला माणूस असा ताटी लावून बसला असेल तर ते ओळखावे. पंधरा-वीस दिवस झोप नाही. जेवणावर वासना नाही. कोणाशी बोलत नाही. "माझ्यामागे तुम्ही कसं कराल" असे काहीतरी बोलतो. अशा माणसाला ब्राह्मीचे तेल लावून गप्प बसू नये. त्याच्याजवळ बसावे, काय झाले ते विचारावे, आणि मरणाचा विचार मनात येतो का हेही सरळ विचारावे. विचारल्याने असा विचार वाढत नाही, उलट मन मोकळे होते. फवारणीचे औषध घरात ठेवू नये, कुलपात ठेवावे. सरकारने २०२२ साली टेली-मानस नावाची फोनची सोय सुरू केली आहे. नंबर १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही कोणी तरी बोलते, आणि मराठीत बोलता येते. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात. त्यांच्याकडे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे.

लावायची कशी

मोरीजवळची वेल असेल तर तिचेच दोन-तीन मुळ्या फुटलेले सांधे कापून घ्यावे. स्वच्छ पाण्यात धुवावे. फुटका माठ, जुनी बादली, पसरट घमेले, काहीही चालते. तळाला भोक हवे. अर्धी गाळाची माती आणि अर्धे कुजलेले शेणखत घालावे. ताजे शेण घालू नये. सांधे मातीत आडवे दाबावे आणि पिण्याचे किंवा विहिरीचे पाणी रोज घालावे. लावणीला आषाढ-श्रावण चांगला. तेव्हा ती आपोआप पसरते. तिच्या मूळच्या वेलीवरची पाने मोरीच्या पाण्याची आहेत. नवी पाने फुटून चांगली वाढली, दोन महिने गेले, म्हणजे मग खायला तोडावी.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. आपल्याकडच्या उन्हात ब्राह्मी दोन दिवसांत करपते. तिला पूर्वेच्या भिंतीशी ठेवावी, म्हणजे सकाळचे ऊन मिळते आणि दुपारचे टळते. किंवा रांजणाखाली ठेवावी. रांजण पाझरतो, ते थेंब तिला पुरतात. परसात केळीचे खुंट असेल तर त्याच्या सावलीत ती चांगली राहते, फक्त त्या केळीवर फवारणी नको. एवढे करूनही वरचा पाला वाळला तर टाकून देऊ नये. माती ओली ठेवावी. मुळ्या जिवंत असतात. पहिला पाऊस पडला की पुन्हा फुटते.

शेजारणीने मागितली तर एक सांधा द्यावा. देताना ती कडू की गोल पानाची, तेवढे मात्र सांगावे.